वाचकांचे प्रश्न : नशेचा गुन्हा आणि उपचाराचा कागद

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे व्यसनाविषयीची आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळून ती येथे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न मराठवाड्यातील किती तरी घरांत आज विचारला जात आहे आणि त्याचे नीट उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळते.

प्रश्न : आदरणीय वकीलताई, आम्ही जिंतूर तालुक्यातील शेतकरी आहोत. माझा बावीस वर्षांचा मुलगा छत्रपती संभाजीनगरला शिकायला होता. तिथे त्याला गोळ्यांचा नाद लागला. पोरे त्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात, हे मला गुन्हा दाखल झाल्यावर समजले. गेल्या महिन्यात पोलिसांनी त्याला दोन मित्रांसह पकडले, तेव्हा त्याच्या खिशात दोन स्ट्रिप सापडल्या. जामीन झाला आणि पोरगा चार दिवसांपासून घरी आहे, पण त्याला झोप नाही, हात थरथरतात, उगीच दचकतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो की तिकडे ‘ड्रग कोर्ट’ असते आणि ते तुरुंगाऐवजी उपचार देते. आमच्याकडे चौकशी केली, तर ‘त्यासाठी विशेष न्यायालय आहे’ एवढेच कळले. हे तेच कोर्ट का? आधी केस मिटवावी की आधी दवाखाना करावा? — एक वडील, परभणी जिल्हा

उत्तर : दादा, आधी दवाखाना, आणि तोही हे वाचून झाल्याबरोबर. ‘बटन’ या नावाने आपल्याकडे बहुधा नायट्राझेपाम किंवा त्याच जातीच्या झोपेच्या गोळ्या विकल्या जातात. या गोळ्यांची सवय झालेल्या माणसाने त्या एकाएकी बंद केल्या, तर नुसती तगमग होऊन थांबत नाही. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात आणि जिवावरही बेतू शकते. हाताची थरथर आणि झोप उडणे ही त्याची सुरुवात असू शकते. मानसोपचारतज्ज्ञ अशा वेळी औषधाचा डोस हिशेबाने, टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात. मुलाला खोलीत कोंडून ‘चार दिवस सोसू दे, आपोआप सुटेल’ असे कोणी सांगत असेल, तर ते अजिबात ऐकू नका. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे का ते आजच विचारा. तिथे जमले नाही, तर संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेडच्या विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ पडेल तिथे मानसोपचार विभागात दाखवा. वाटेत फिट आली, तर जवळच्या कोणत्याही दवाखान्यात थांबा.

आता कोर्टाकडे वळू. तुमच्या भाच्याने सांगितले ते खरे आहे, पण ते तिकडचे आहे. अमेरिकेत पहिले ड्रग कोर्ट १९८९ साली फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे सुरू झाले आणि आज त्या देशात अशी तीन हजारांहून अधिक न्यायालये आहेत. तिथे न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, उपचार करणारे आणि देखरेख अधिकारी एका गटासारखे काम करतात. आरोपीने स्वतः तयारी दाखवावी लागते. सुरुवातीला त्याला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला न्यायाधीशांसमोर उभे राहावे लागते, अचानक लघवीची तपासणी होते, प्रगती दिसली तर बंधने सैल होतात आणि नियम मोडला तर एखाद-दुसऱ्या दिवसाच्या कोठडीपर्यंत शिक्षा होते. हा क्रम बहुधा बारा ते अठरा महिने चालतो. तो पूर्ण केल्यावर अनेक ठिकाणी आरोप रद्द होतात किंवा शिक्षा सौम्य होते. त्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे माणूस एकदा घसरला म्हणून त्याला लगेच बाहेर काढत नाहीत, कारण व्यसनाच्या आजारात घसरणे धरूनच उपचाराची आखणी करावी लागते.

आपल्याकडचे ‘विशेष न्यायालय’ हे ते नव्हे. आपला अमली पदार्थांविषयीचा कायदा १९८५ चा आहे. त्याला बोलीत एनडीपीएस कायदा म्हणतात. त्यातील विशेष न्यायालये तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, म्हणजे मुख्यत्वे मोठा साठा आणि व्यापार यांचे खटले, चालवण्यासाठी आहेत. तुमच्या मुलावर केवळ सेवनाचा आणि अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालेल. तिथे तुमचा वकील मागणी करील तेव्हाच उपचाराचा विषय निघेल, न्यायालय आपणहून तो काढील असे धरून चालू नका.

ही मागणी करण्याचा आधार कायद्यातच आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही, याची मला खंत वाटते. कलम ६४-अ असे सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, तर त्या आरोपांबद्दल तिच्यावर खटला चालवता येत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडला, तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. याशिवाय कलम ३९ आहे. दोष सिद्ध झाल्यावरही न्यायालय आरोपीचे वय, पूर्वचरित्र आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी त्याला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते. मग एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयात द्यावा लागतो, आणि तो समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते.

अल्प प्रमाण म्हणजे किती, यावर सारे अवलंबून आहे. नायट्राझेपामसाठी ही मर्यादा २० ग्रॅम, त्याच जातीच्या अल्प्राझोलामसाठी ५ ग्रॅम, मेफेड्रोनसाठी (‘एमडी’) २ ग्रॅम आणि गांजासाठी १ किलो आहे. यात एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हिरा सिंग प्रकरणात असे ठरवले की वजन मोजताना केवळ शुद्ध अमली द्रव्य नव्हे, तर त्यात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थासह सगळे वजन धरायचे. म्हणजे गोळीतला खडूसारखा भागही मोजला जातो. दोन स्ट्रिपांचे वजन नायट्राझेपामच्या मर्यादेत बसण्याची शक्यता मोठी आहे, पण गोळी कोणती होती हे महत्त्वाचे. म्हणून एफआयआर, जप्तीचा पंचनामा आणि पुढे येणारा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकांचा अहवाल, यांच्या प्रती वकिलामार्फत मिळवा आणि तिन्हींतील वजन व पदार्थाचे नाव जुळते का ते पाहा. तिन्ही मित्रांचा माल एकत्र मोजला आहे का, हेही तपासायला सांगा.

उपचाराच्या कागदांविषयी मी मुद्दाम जास्त लिहिते आहे. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने शेत गहाण ठेवून मुलाला चार महिने एका खासगी केंद्रात ठेवले होते. मुलगा सुधारलाही होता. परंतु ते केंद्र शासनमान्य नव्हते, त्यामुळे त्याचा दाखला कलम ६४-अ साठी उपयोगी पडला नाही आणि आम्हाला सरकारी रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून नोंद करावी लागली. त्या बापाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा कुठेही दाखल करण्यापूर्वी मान्यतेचे पत्र पाहायला मागा. पहिल्या दिवसाचा ओपीडीचा केसपेपर, अवलंबित्वाचे निदान लिहिलेला तज्ज्ञांचा कागद, भरती आणि डिस्चार्ज कार्ड, त्यानंतरच्या प्रत्येक भेटीची नोंद, असे सारे एका फायलीत तारखेनिहाय लावा. निदानाचा कागद विशेष महत्त्वाचा, कारण कायद्याने ‘व्यसनी’ म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती, आणि मजेखातर एकदा घेतलेल्याला हे संरक्षण मिळत नाही. अर्ज जितका लवकर कराल तितके बरे. मुंबईत २००१ साली कोकेन प्रकरणात अटक झालेल्या एका चित्रपट अभिनेत्याला उपचार घेतल्याच्या आधारे न्यायालयाने याच कलमाखाली संरक्षण दिले, पण तो आदेश व्हायला २०१२ साल उजाडले. तुमच्या मुलाची एवढी वर्षे तारखांत जाऊ नयेत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची अमली पदार्थांच्या बळींसाठीची स्वतंत्र योजना आहे, अर्जात तिचा उल्लेख करा. व्यसनमुक्तीविषयी विचारण्यासाठी केंद्र शासनाचा १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी चोवीस तास चालणारा टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येते. मुलाला गोळ्या कोण पुरवत होते हे सांगावेसे वाटले, तर १९३३ हा क्रमांक आहे, पण मुलावर गुन्हा चालू असताना वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर काही सांगू नका.

आणि दादा, गावात काय म्हणतील म्हणून मुलाला मावशीकडे, आत्याकडे लपवत फिरवू नका. त्याला रोज त्याच डॉक्टरांच्या संपर्कात राहायचे आहे आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेला हजर राहायचे आहे. एक तारीख चुकली तरी वॉरंट निघू शकते.

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जातो. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आलो, की आमचे मालक (नवरा) दिवसरात्र दारू पितात आणि मारतात. एक केंद्रवाला म्हणतो, गाडी पाठवून रात्रीतून उचलून नेतो, तीन महिने बांधून ठेवले की दारू सुटते. दुसऱ्या एकाने चहातून न सांगता द्यायची पुडी दिली आहे. काय करू? — एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर : ताई, पुडी आधी फेकून द्या. दारूबरोबर घेतले की त्रास होणारे डायसल्फिराम नावाचे औषध असते. ते रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करूनच डॉक्टर देतात. न सांगता दिले आणि त्याच दिवशी माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि मग गुन्हा तुमच्यावर येईल. पुडीत नेमके काय आहे, हे तर कोणालाच ठाऊक नसते.

उचलून नेणाऱ्या केंद्राविषयी कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. अशा आजारावर भरती करून उपचार देणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि जबरदस्तीने मुंडन करण्यास बंदी आहे. माणूस स्वतः तयार नसेल आणि त्याच्यापासून त्याच्या वा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर कलम ८९ प्रमाणे भरती होते. पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि सुरुवातीची मुदत तीस दिवसांची असते. रात्री गाडी घेऊन येणारी माणसे यातले काहीही करत नाहीत.

तुमच्यासाठी अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय जवळ आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली, की दोन-तीन दिवसांत कंप, भास आणि झटके येऊ शकतात, म्हणून पहिला आठवडा रुग्णालयातच जावा. पट्टा पडल्यानंतरचे महिने उपचारासाठी योग्य आहेत. पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि जावेच लागले तर केसपेपर कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, सोबत ठेवा आणि १४४१६ वर संपर्क चालू ठेवा. मारहाण हा स्वतंत्र विषय आहे. तो दारू सुटेपर्यंत सहन करायचा नसतो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.

प्रश्न : माझ्या वर्गातील चौदा-पंधरा वर्षांची दोन मुले पंक्चरचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगतात. पोलिसांना कळवावे का? — एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, एनडीपीएस कायद्यात सोल्यूशन येत नाही, आणि पोलीस ही पहिली पायरी नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त पसरलेले दुसरे व्यसन त्यात नाही. मूल नुकतेच हुंगून बसलेले असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. त्या क्षणी दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून मुलाचा जागीच मृत्यू होऊ शकतो. त्याला मोकळ्या हवेत शांत बसवा आणि शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करा. पालकांशी बोलणे दुसऱ्या दिवशी, मुलासमोर नव्हे, आणि त्यानंतर त्याला जिल्हा रुग्णालयातील किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये किंवा मानसोपचार विभागात पालकांसह पाठवा. शाळेतून नाव कमी करू नका.