ऑपरेशन योजनेतून झालं, चालायला कोण शिकवणार?

प्रश्न : पितृपंधरवड्यात आमच्या आत्या (माझ्या सासूबाई, वय ६८) गोठ्यात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडच्या एका रुग्णालयात योजनेतून सांधा बसवला, पैसे लागले नाहीत. पाचव्या दिवशी घरी सोडलं. निघताना वॉकर विकत घ्यायला लावला आणि व्यायामाचा एक इंग्रजी कागद हातात दिला. 'फिजिओथेरपी चालू ठेवा' म्हणाले. पण आम्ही पाटण तालुक्यात डोंगरातल्या वाडीवर राहतो, इथे कोण येणार? कराडला एक जण रोज यायला सांगतात, मशीन लावतो म्हणतात. गाडीभाड्यातच सगळं जाईल. आता दोन महिने होत आले. आत्या खाटेपासून दारापर्यंत जातात, त्याही लंगडत. पाय लांब झालाय म्हणतात. दीड महिन्यानं दाखवायला बोलावलं होतं, पण भातकाढणी आली, दुखतही नव्हतं, म्हणून राहिलं. शेजारच्या काकी म्हणतात, मालिशवाल्याकडून पाय ओढून घ्या. काय करू? घरात सगळं माझ्यावरच आहे.
— एक सून, पाटण तालुका

उत्तर : ताई, पत्र मिळाल्यावर संपादकांकडून नंबर घेऊन मी तुमच्याशी बोलले, कारण मालिशवाल्याची गोष्ट अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. तीच इथे पहिली लिहिते, इतर वाचकांसाठीही. नवा सांधा बसवलेला पाय कुणाकडूनही ओढून, पिळून घ्यायचा नाही. डिस्चार्ज कार्डावरचे जे शब्द तुम्ही मला वाचून दाखवलेत, त्यांचा अर्थ असा की आत्यांचा अर्धा सांधा, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा बदललाय आणि डॉक्टर खुब्याच्या मागच्या बाजूने आत गेलेत. मागून केलेल्या ऑपरेशनात पाय खूप दुमडला किंवा आत वळला, तर गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. मग पुन्हा भूल, पुन्हा रुग्णालय. काकींची माया खरी आहे, त्यांना हे नीट समजावून सांगा.

म्हणूनच मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर किंवा जमिनीवर बसणं, पायावर पाय टाकणं, वाकून पायातली जोडवी नीट करणं, हे सगळं सध्या बंद. साधी खूण सांगते : बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. झोपताना दोन पायांमध्ये उशी. वळताना ऑपरेशनच्या पायावर जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, छोटी पावलं टाकत वळायचं. हे नियम साधारण तीन महिने पाळायला सांगतात, कधी उठवायचे ते मात्र सर्जन सांगतील. पुढून ऑपरेशन झालेल्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा इतर वाचकांनी आपापलं कार्ड बघावं.

आता तुमचा खरा प्रश्न. सांधा बसवून देण्याची सोय सरकारने केली, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात खुबा मोडलेली म्हातारी माणसं वजन लावून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिलेली मी पाहिली आहेत. पण आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे उपचारासाठी ठरवून दिलेल्या रकमेत, घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरलेला असतो. माणूस चालता होतो तो त्यानंतरच्या अडीच-तीन महिन्यांत. तो काळ घरातल्या बाईच्या अंगावर पडतो, आणि तिला कुणी काही शिकवलेलं नसतं. याचा मला मनापासून राग येतो. इंग्रजी कागद देणं म्हणजे शिकवणं नव्हे.

कराडच्या गृहस्थांनी सांगितलेली रोजची मशीनची बैठक तुम्ही परवडत नाही म्हणून सोडलीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शेक देणारी किंवा मुंग्या आणणारी मशीन दुखणं थोडं कमी करतात, स्नायूत ताकद भरत नाहीत. आत्यांना दुखतच नाहीये. त्यांना हवी आहे ताकद, तोल आणि धीर, आणि ते रोजच्या व्यायामातूनच येतं. माझं स्पष्ट मत आहे : रोजच्या मशीनपेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोड्याच भेटी घ्या, पण प्रत्येक भेटीत त्या फिजिओथेरपिस्टने आत्यांना चालताना पाहिलं पाहिजे आणि तुमच्याकडून व्यायाम करवून घेतला पाहिजे. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आणा. जो असं शिकवायला तयार नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

आधी सरकारी दवाखान्यात विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असावी असं ठरलेलं आहे. पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात आणि कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंना फोन करून विचारायला सांगा. तपासणीची तारीख आणि ही भेट एकाच दिवशी जुळवली, तर गाडीभाडं एकदाच लागेल.

तोवर घरी काय करायचं? फोनवर आत्या तीन-चार पावलं चालल्या ते तुम्ही मला व्हिडिओत दाखवलंत. ऑपरेशनच्या पायावर भार आला की त्यांचं अंग त्याच बाजूला झुकतं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू कमजोर झाल्याची ही खूण आहे. एका पायावर उभं राहताना कंबर समतोल धरून ठेवायचं काम तो करतो. पडल्यापासून पाय वापरात नाही, भीतीने त्यावर पुरता भार पडत नाही, म्हणून तो आणखी वाळतो. पाय लांब झाल्यासारखा वाटतो त्यातही बऱ्याचदा हेच असतं : स्नायू आखडलेले, कंबर तिरकी. काही वेळा फरक खराच असतो, पण तो डॉक्टरांनी मोजून आणि एक्स-रे बघून ठरवायचा. आताच चपलेला जाड तळवा लावून घेऊ नका.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम उभ्याने. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून आत्यांनी ताठ उभं राहायचं. ऑपरेशनचा पाय बाजूला वीतभर न्यायचा, बोटं समोर, अंग झुकू द्यायचं नाही, आणि सावकाश परत आणायचा. दहा वेळा झालं की पाय बदला. चांगला पाय बाजूला जात असताना सगळा भार ऑपरेशनच्या पायावर येतो, आणि तिथेच तो स्नायू खरा कामाला लागतो. आत्या घाबरतील ते याच वेळी. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, थोडं मागे, कमरेला हात न लावता पण हात जवळ ठेवून उभ्या राहा. मग पाय मागे न्यायचा, तसाच दहा वेळा, पुढे न वाकता. सकाळी आणि संध्याकाळी.

उंच, हात असलेल्या खुर्चीतून उठणं-बसणं हाही व्यायामच. उठताना ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवून हातांनी रेटा द्यायचा. खाटेवर उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून पाच अंक मोजेपर्यंत धरायचा. दोन्ही गुडघे थोडे वाकवून पार्श्वभाग वर उचलायचा. गुडघा हातांनी पोटाशी ओढण्याचा व्यायाम कुणी सांगितला तरी करायचा नाही.

व्यायामानंतर स्नायू थोडे ठणकतात, ते चालतं. ठणका दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असेल, तर त्या दिवशी निम्मं करा.

चालणं दर दोन दिवसांनी थोडं वाढवा : दारापर्यंत, मग ओटीपर्यंत, मग तुळशीपर्यंत. टाच आधी टेकवायची आणि दोन्ही पावलं सारखी टाकायची. सर्जननी परवानगी दिली की वॉकर सोडून काठी घ्या. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. लोक नेमकं उलटं करतात, दुखऱ्या बाजूला धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

शौचाला तुम्ही अजून खाटेजवळ भांडं देता, असं म्हणालात. आत्यांना त्याचाच संकोच होतो आणि त्या पाणी कमी पितात. कमोड खुर्ची आणा, ती घरातल्या संडासावर ठेवता येते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, अशा साहित्यासाठी ३,००० रुपये खात्यावर मिळण्याची तरतूद आहे. काठी, वॉकर, कमोड खुर्ची सगळं त्यात बसतं. साताऱ्याला समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. खुर्चीसाठी मात्र अर्जाची वाट बघत बसू नका.

आणि तपासणीला जायचंच. दुखत नाही हे चांगलं, पण सांधा जागेवर आहे का, हाडात नीट धरलाय का, हे एक्स-रेतच दिसतं. आणखी एक गोष्ट तिथे स्वतःहून विचारा : 'यांची हाडं ठिसूळ आहेत, त्याचं औषध सुरू करणार का?' उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो, तेव्हा हाडं ठिसूळ असतातच असं धरावं. सांधा नवा बसला, दुसरा खुबा जुनाच आहे. हे औषध द्यायचं अनेकदा राहून जातं. एसटीची पहिली पायरी उंच असते, म्हणून वडापच्या जीपमध्ये पुढची सीट मागून घ्या, खाली जाड उशी ठेवा. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. मुंबईला असलेल्या दिरांना गाडीचा खर्च उचलायला सांगा. आई त्यांचीही आहे. आणि संध्याकाळच्या व्यायामाची मोजणी तुमच्या आठवीतल्या मुलाकडे द्या.

सांध्याच्या पाकिटावरचे छापील स्टिकर फाइलमध्ये असतील, ते जपून ठेवा, त्यांचा फोटोही काढा. २०१० साली खुब्याचे एका प्रकारचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा भारतातल्या कित्येक रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

एवढं दिसलं तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच निघा : पोटरी सुजून दुखणं, एकाएकी धाप लागणं किंवा छातीत दुखणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसणं. १०८ ला फोन करा.

प्रश्न : वडिलांचा खुब्याचा सांधा बदलला. विमा कंपनीने रुग्णालयाचं बिल दिलं, पण घरी आलेल्या फिजिओथेरपिस्टची बिलं नाकारली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पॉलिसीत 'रुग्णालयातून सोडल्यानंतरचा खर्च' किती दिवसांचा आहे ते आधी बघा. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांत एकाच नमुन्याच्या असलेल्या पॉलिसीत तो ६० दिवसांचा आहे. त्या मुदतीतली, त्याच आजारासाठी सर्जननी लिहून दिलेली फिजिओथेरपी मागता येते. बिलं फेटाळली जातात ती बहुधा कागद अपुरे म्हणून : सर्जनच्या सल्ल्याची चिठ्ठी नसते, पावतीवर तारखा नसतात, फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नसतो. नोंदणी क्रमांक तर विम्याशिवायही विचारावा, घरी येणारा प्रत्येक जण शिकलेला असतोच असं नाही. नकाराचं कारण कंपनीकडून लेखी घ्या, कमी असलेले कागद जोडून तिच्या तक्रार निवारण कक्षाकडे पाठवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे, आणि तिथे वकील लागत नाही.