रबरी चाकांवरचं अर्थिंग

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : जावई अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याने 1954 सालचा एक ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, विकत घेतलं आहे आणि त्याचं वायरिंग नव्याने करायचं चाललं आहे. मे महिन्यात मी तिकडे मदतीला जाणार, म्हणून त्याने पाठवलेल्या माहितीचं मराठीत टिपण काढतो आहे. त्यात 'ग्राउंड' हा शब्द पानोपानी येतो. मी सगळीकडे 'भूसंपर्क' लिहीत गेलो. पण ट्रेलर तर रबरी टायरवर उभा, जमिनीला टेकलेलाच नाही. मग भूसंपर्क कसला? आणि 'हॉट वायर'ला 'गरम तार' चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी. 'गरम तार' चालणार नाही. आपल्याकडे 'वायर गरम होतेय' हे वाक्य कोणी म्हटलं की माणूस उठून मेन स्विच बंद करतो. कुठेतरी जोड सैल आहे किंवा तार बारीक पडतेय, एवढा सगळा मजकूर त्या 'गरम'मध्ये असतो. हॉट वायर म्हणजे जिच्यात विजेचा दाब (व्होल्टेज) आहे ती. ती हाताला थंडगारही लागेल. तिला आपला वायरमन 'फेज' म्हणतो, तोच शब्द लिहा. 'जिवंत तार' हेही ऐकू येतं, वाचायला बरं वाटतं, पण शिडीवर चढलेला माणूस खाली उभ्या पोऱ्याला 'जिवंत कुठली रे?' असं विचारताना मी अजून पाहिलेला नाही.

आता 'ग्राउंड'. तुमची शंका रास्त आहे, आणि ती भाषेची आहे तितकीच विजेचीही. इंग्रज ज्याला 'अर्थ' म्हणाले त्याला अमेरिकन 'ग्राउंड' म्हणतात. आपण शिकलो इंग्रजांकडून, म्हणून आपल्याकडे 'अर्थिंग' आलं आणि ते इतकं मुरलं की 'भूसंपर्क' शाळेच्या पुस्तकातच राहिला. (मराठीत 'अर्थ' आधीच दोन कामांत गुंतलेला होता, शब्दाचा आणि पैशाचा. त्यात हा तिसरा. 'अर्थ लागत नाही' हे वाक्य वायरमनच्या तोंडी अगदी वेगळं काम करतं.)

अर्थिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आमच्या गावच्या पंपाचा खड्डा येतो. खाली धातूची पाटी, भोवती कोळसा आणि मीठ, वर एक पाइप आणि त्यावर नरसाळं. एप्रिल लागला की त्यात घागरभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे, कारण माती कोरडी पडली की अर्थ 'पकडत' नाही. म्हणजे या शब्दात खरीखुरी जमीन आहे, ओली जमीन. तुमचा गोंधळ इथूनच सुरू होतो. अमेरिकन 'ग्राउंड' ट्रेलरमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि त्यातल्या एकीचा जमिनीशी काहीच संबंध नाही.

ती पहिली गोष्ट म्हणजे 12 व्होल्टची बाजू : मागचे दिवे, इंडिकेटर, बॅटरीवरचे आतले छोटे दिवे. तिथे 'ग्राउंड' म्हणजे लोखंडी सांगाडा. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं आणि परतीची तार म्हणून तोच वापरला जातो. यासाठी मराठीत नवा शब्द शोधायची गरजच नाही. कुठल्याही गॅरेजात जा, शब्द तयार आहे : 'बॉडी'. 'बॉडीला अर्थ मार', 'बॉडी मिळत नाहीये'. आमच्या स्कूटरचा ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद मंद पेटायचा. मी बल्ब बदलला, मग दुसरा बदलला. मिस्त्रीने दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. होल्डरचा स्क्रू काढला, त्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला, म्हणाला, 'बॉडी नव्हती.' करंटला सरळ परतीचा रस्ता मिळेना, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढत होता. जुन्या ट्रेलरांच्या दिव्यांची निम्मी दुखणी याच जातीची. तिथे तर परतीची तार तुटली की करंट गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या गोळ्यातून जायला बघतो, आणि त्या गोळ्याला असतं ग्रीस.

'बॉडी'ला सरसकट 'ऋण टोक' मात्र लिहू नका. आज ते खरं आहे, पण तुमचा ट्रेलर 1954 चा. त्या काळच्या फोर्ड मोटारींत, 1955 च्या मॉडेलपर्यंत, बॅटरी 6 व्होल्टची असे आणि तिचं धन टोक बॉडीला असे. 1956 पासून 12 व्होल्ट आले आणि बॉडीला ऋण. म्हणून जुन्या कागदावर 'पॉझिटिव्ह ग्राउंड' दिसलं तर ती छापखान्याची चूक समजू नका; 'धन बॉडीला' असं सरळ लिहा. आणि ट्रेलरात जुने 6 व्होल्टचे बल्ब शिल्लक असतील तर आजच्या गाडीला जोडल्याबरोबर उडतील.

दुसरी आणि तिसरी गोष्ट 120 व्होल्टच्या बाजूला, म्हणजे ट्रेलर बाहेरच्या प्लगला जोडल्यावर जे चालू होतं त्यात. इथे अमेरिकन नियमपुस्तकाने भाषेची गंमतच केली आहे. 'ग्राउंडेड कंडक्टर' आणि 'ग्राउंडिंग कंडक्टर' या दोन निरनिराळ्या तारा आहेत! पहिली म्हणजे न्यूट्रल. ती एका ठिकाणी जमिनीला जोडलेली असते, पण रोजचा करंट वाहून नेते. दुसरी म्हणजे आपलं अर्थिंग. तिच्यात एरवी काहीच वाहत नाही, बिघाड झाला तरच ती कामाला येते. तुम्ही दोन्हींना 'भूसंपर्क' लिहिलंत तर एका प्रत्ययावर उभा असलेला फरक पुसला जाईल. 'भूसंपर्कित' आणि 'भूसंपर्कक' अशी जोडी कोणी सुचवेल. व्याकरणात बसते, पण टॉर्च तोंडात धरून वाचायला घेतली की डोळे फिरतील. 'न्यूट्रल' आणि 'अर्थिंग' लिहा. विषय संपला.

हा फरक जीवावरचा आहे, म्हणून दोन ओळी जास्त. न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा जोड वीज जिथे इमारतीत शिरते तिथल्या मुख्य पेटीत एकदाच असतो. ट्रेलरमधल्या पेटीत त्यांची गाठ पडता कामा नये. पडली, तर परतीचा करंट न्यूट्रलबरोबर अर्थिंगमधूनही जाऊ लागतो, आणि अर्थिंग सांगाड्याला जोडलेलं असल्यामुळे सांगाडाही त्या वाटेवर येतो. मग पुढे कुठे न्यूट्रल सुटला आणि प्लग जुना दोन पिनांचा असला, म्हणजे अर्थिंगच नसलं, की आतला एक दिवा लावला तरी ट्रेलरचा सगळा पत्रा 120 व्होल्टवर जातो. टायर रबरी असल्याने तो तसाच राहतो. ओल्या गवतात अनवाणी उभा राहून दाराची कडी धरणारा माणूस हाच मग त्याचं अर्थिंग. तेव्हा तुमच्या मूळ शंकेचं उत्तर असं : टायर जमिनीपासून तोडतात, म्हणूनच अर्थिंगची तार प्लगमधून सोबत न्यावी लागते. आपल्या तीन पिनांच्या प्लगची वरची, अर्थिंगची पिन लांब का असते, तर ती सगळ्यांच्या आधी लागावी आणि सगळ्यांच्या नंतर सुटावी म्हणून. तोच विचार.

जाता जाता, 'करंट आहे का?' या आपल्या प्रश्नाबद्दल. आपण विचारतो करंट, तपासतो दाब, आणि तोही खिशातल्या टेस्टरने. तो निऑनचा टेस्टर 12 व्होल्टवर पेटतच नाही. त्यावरून 'करंट नाही' असं टिपलंत आणि पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला, तर बॅटरी तो पाना लाल करून दाखवील. त्या बाजूला गॅरेजवाल्यांचा टेस्ट लॅम्प किंवा मीटर घ्या. तसंच, जावई 'कन्व्हर्टर' म्हणेल तेव्हा घरचा इन्व्हर्टर डोक्यात आणू नका. आपला इन्व्हर्टर बॅटरीतून घरासाठी एसी वीज करतो. ट्रेलरातला कन्व्हर्टर बाहेरच्या 120 व्होल्टमधून 12 व्होल्ट डीसी करतो, अगदी उलट.

शब्द जागेवर बसले तरी रंगांचं भाषांतर उरतं. 'हिरवी' म्हणजे अर्थिंग हे 120 व्होल्टच्या बाजूला खरं, पण ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या चार तारांच्या प्लगमध्ये हिरवी तार उजव्या इंडिकेटरची असते. 'पांढरी' तर दोन्हीकडे राबते : 120 ला न्यूट्रल, दिव्यांच्या प्लगमध्ये बॉडी. आणि सगळ्यात घातक 'काळी'. आपल्या जुन्या घरांत लाल फेज आणि काळी न्यूट्रल, हे तुमच्या हातांना पाठ असणार. तिकडे काळी म्हणजेच फेज. टिपणाच्या पहिल्या पानावर, बाकी काही लिहिण्याआधी, हे लाल शाईने लिहा.