फोटो उलटा धरून चेहरा काढताना

फोटो उलटा ठेवून व्यक्तिचित्राचा सराव सुरू केलास, हे चांगलंच झालं. फक्त ही युक्ती कुठे कामी येते आणि कुठे दगा देते, ते समजून घे.

सुलट चेहरा आपण सुटा सुटा वाचत नाही. डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यातली अंतरं एका नजरेत एकत्र टिपतो. चेहरा उलटा झाला की ही पकड सुटते. उलटी घरं आणि विमानंही ओळखायला जड जातात, पण चेहऱ्यांचं नुकसान त्याहून बरंच जास्त, हे संशोधक रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच दाखवलं. तुला फायदा असा, की उलट्या फोटोत नुसत्या रेषा आणि छाया उरतात. हात मनातला ठरावीक डोळा काढत नाही.

धोकाही तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे केले. अख्खा फोटो उलटा धरला तर तो जवळपास नेहमीसारखा वाटतो. सुलट केला की अंगावर काटा येतो! म्हणजे उलट्या चित्रातली ढोबळ चूकसुद्धा तुझ्या नजरेतून सुटू शकते.

तेव्हा रेखाटन उलटं कर, तपासणी मात्र सुलटच. शेडिंगला हात घालण्याआधी कागद फिरवून बघच. साम्य हरवलेलं वाटलं तर आधी डोळ्यांची उंची तपास. उलट्या चेहऱ्यात वरखालची अंतरं जास्त निसटतात.