मेळघाटात मूल कुपोषित असलं तरी आईवडील आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, का जातात?

हा प्रश्न विचारताना बहुतेक जण दोन कारणं गृहीत धरतात, अंधश्रद्धा आणि बेफिकिरी. पहिलं थोडंफार खरं आहे, दुसरं अजिबात नाही. मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काम केलंय. इथल्या कोरकू आदिवासींच्या घरांत जे पाहिलं ते सांगते, सगळ्या आदिवासी समाजांना ते सरसकट लावू नका.

ताप आला, जुलाब लागले, पोट फुगलं की कोरकू आई रात्री-अपरात्रीही धावते. पण मूल नुसतं बारीक असणं हा तिच्या लेखी आजारच नाही. ढाण्यावरची, म्हणजे वस्तीवरची, बहुतेक मुलं तशीच दिसतात आणि तीही तशीच वाढलेली असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की आमच्या नोंदीत ते मूल तीव्र कुपोषित. आई मात्र अंगणात कोंबडीमागे पळणाऱ्या पोराकडे बोट दाखवून म्हणते, "खेलता है ना, बाई!"

कुपोषणामुळे येणारी सूज तर याहून फसवी. एका घरी आजी कौतुकानं सांगत होती की नातू आता चांगला भरलाय. गाल वर आलेले, पाय गुबगुबीत. मी त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पावलालाही तेच. मग आजीलाच दाबून बघायला सांगितलं. तिनं बघितलं आणि लगेच सुनेला हाक मारली, कपडे भर म्हणून. मी तासभर बोलून जे झालं नसतं ते त्या खड्ड्यानं केलं.

आता भूमका. पोटफुगीवर डंबा देतात, म्हणजे तापलेल्या विळ्याचे चटके बाळाच्या पोटावर. ही प्रथा घातकच आहे आणि संस्कृतीच्या नावाखाली तिची बाजू कुणी घेऊ नये. जखम चिघळते, बाळ दूध तोडतं, आणि न्यूमोनियानं धाप लागलेली असेल तर उपचाराची वेळ निघून जाते. तरीही लोक त्याच्याकडे आधी का जातात? तो गावातच असतो, कोरकूत बोलतो, आईचं सगळं ऐकून घेतो आणि कधीही हाक मारली तरी येतो. दवाखान्यात तिला पहिला प्रश्न येतो, "आधी भूमकाकडे कशाला गेलात?" तोही मराठीत, चारचौघांत, चढ्या आवाजात. पुढच्या वेळी ती चटके लपवते. त्याच्या पुढच्या वेळी मूलच लपवते. हे आम्ही आरोग्यवाल्यांनी ओढवून घेतलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तीव्र कुपोषित मुलांना जिथे भरती करतात त्या पोषण पुनर्वसन केंद्राचंही तसंच. तिथे आईनं मुलासोबत साधारण 14 दिवस राहायचं. जून-जुलैत पेरणी, घरी आणखी दोन लेकरं, नवरा एकटा. बुडीत मजुरीची तरतूद आहे, पण पैसे हातात पडेपर्यंत पेरणी थांबत नाही. ती चौथ्या दिवशी निघून गेली की रजिस्टरात 'पळून गेली' असा शेरा. दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर जातात ती होळीला परततात, आणि मधले महिने त्या मुलांचं वजन कुणीच करत नाही.

1993 मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, 1995 मध्ये आदिवासी भागासाठी सरकारची नवसंजीवन योजना आली, गावोगाव फिरणारी डॉक्टरांची भरारी पथकं आली. त्यांचा उपयोग झाला, नाही असं मी म्हणणार नाही. पण आईशी बोलायचं कसं, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

मला फरक दिसला तो भूमकाला शत्रू मानणं सोडल्यावर. सरकारनंही पुढे भूमकांची प्रशिक्षणं घेतली. आमचं बोलणं सरळ असायचं: पूजा करा, दोरा बांधा, आमची हरकत नाही. विळा मात्र तापवायचा नाही आणि बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. सगळे ऐकत नाहीत. जो ऐकतो त्याच्या एका शब्दावर आई गाडीत बसते. वॉर्डात कोरकू बोलणारी एक बाई असली आणि थोरल्या लेकरालाही तिथेच जेवण-झोपण मिळालं, तर ती 14 दिवस राहतेसुद्धा.