आर्मीचा जुना कार्गो ट्रेलर स्वतःच्या वापरासाठी घ्यावा का, आणि देखभाल काय लागते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत लिलावात निघालेला आर्मीचा ट्रेलर घेऊन हाफ-टन पिकअपला जोडायचा, सरपण, माती, कधीमधी घरसामान न्यायचं, तर कुठलं मॉडेल घ्यावं आणि "मिलिटरीचा माल म्हणजे एकदा घेतला की बघायलाच नको" हे खरं आहे का.

दुसऱ्याचं आधी सांगतो. खरं नाही. मी पण हेच ऐकून एम१०१ए२ हे मॉडेल घेतलं होतं, सात-आठ वर्षं झाली. आर्मीत तो ट्रेलर टिकला कारण तिथे कोणाचं तरी कामच होतं ते, ठरलेल्या दिवशी हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) उघडायचे, ग्रीस भरायचं, ब्रेक बघायचे आणि वहीत सही करायची. ज्या दिवशी तो भंगारच्या यादीत गेला त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो, आणि तुमच्याकडे येईपर्यंत तो यार्डात उन्हापावसात किती दिवस उभा होता ते देव जाणे. हौदा आणि सांगाडा खरंच दणकट असतो, त्यात वाद नाही, पण ट्रेलर रस्त्यात मरतो तो हौद्यामुळे नाही, बेअरिंग, टायर आणि ब्रेकमुळे.

माझंच बघा. फोटो बघून बोली लावली, घ्यायला गेलो, टायर फुगलेले दिसले, लाइट जोडले आणि निघालो. चाळीसएक मैलांवर पेट्रोल पंपावर थांबलो तर डाव्या चाकाला करपल्यासारखा वास, हबजवळ हात नेववेना. कॅप काढली तर आतलं ग्रीस कपड्याच्या साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं, पांढरट, खरवडून काढावं लागलं. नशीब की बेअरिंगचा नंबर रेसवर, म्हणजे त्याच्या कड्यावर, कोरलेला असतो, तो वाचून जवळच्या पार्ट्सच्या दुकानात जोडी मिळाली आणि तिथेच पार्किंगमध्ये दोन्ही बाजू केल्या, चार तास गेले, बायको फोनवर काय बोलली ते इथे लिहीत नाही. तर पहिला नियम हा की जागेवरून हलवायच्या आधी हब उघडा, नाही जमलं तर सरळ फ्लॅटबेडवर टाकून आणा.

काम अवघड नाही. ट्रेलर उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका), उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा म्हणजे लॉक वॉशर कसा होता ते नंतर आठवत बसावं लागणार नाही. जुनं ग्रीस केरोसीनने पूर्ण धुवा, कारण आत कुठलं आहे माहीत नसताना वरून नवीन थापलं तर दोन्ही ग्रीस एकमेकांशी जमतीलच असं नाही. रोलर निळसर पडलेत का, खड्डे आहेत का बघा, असले तर बेअरिंग आणि रेस दोन्ही जोडीने बदला, एक जुना एक नवा असं करू नका. ऑइल सील मात्र नेहमीच नवीन, त्यात चिंधीगिरी नको, कारण सील गळलं तर ग्रीस थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. बसवताना ड्रम फिरवत फिरवत नट आवळा, मग थोडा सैल सोडा, ड्रम मोकळा फिरला पाहिजे पण धरून हलवला तर खडखड नको. पहिल्या वीस मैलांनंतर थांबून हबला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. आता मी वर्षातून एकदा करतो, आणि पाण्यातून गेलो असेन तर लगेच.

आता मॉडेलचं. सगळ्यात छोटा एम४१६, पाव टनी, म्हणजे ५०० पौंड, जीपच्या मागे लावायला केलेला. त्याचं चाक पाच नटांचं, जुन्या जीपसारखंच साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणून जीपवाले त्याच्यावर जीव टाकतात, एकच स्टेपनी दोघांना चालते. फक्त हँडब्रेक असतो, चालत्या गाडीला ब्रेक देत नाही. तुमच्या मातीसाठी तो लहान पडेल. त्यावर पाऊण टनी एम१०१ची भावंडं, पाऊण टन म्हणजे १,५०० पौंड, आणि हा आकडा आडवाटेचा आहे, पक्क्या रस्त्यावर जास्त चालतं, दोन्ही आकडे हौद्यावरच्या पाटीवर वेगवेगळे लिहिलेले असतात. एम१०१ए१ला नुसता हँडब्रेक, ए२पासून सर्ज ब्रेक, म्हणजे पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या धक्क्यानेच दांडीवरचा मास्टर सिलिंडर दाबला जातो. वायर नको, कंट्रोलर नको, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत तेव्हा ए२ घेतलेला बरा.

मग हमवीच्या (आर्मीची रुंद जीपसारखी गाडी) मागचे एम११०१ आणि एम११०२. ॲल्युमिनियमचा हौदा, गंजायची भानगड कमी, पहिल्याचं भरून एकूण वजन ३,४०० पौंडांपर्यंत, दुसऱ्याचं ४,२०० पर्यंत. दिसायला झकास पण चाकांमधलं अंतर हमवीइतकं, आणि हमवी ८५ इंच रुंद आहे, म्हणजे तुमच्या पिकअपच्या मागे दोन्ही बाजूंनी चाकं बाहेर येतात आणि अरुंद गल्लीत आरशात गाडी जाईल असं दिसतं आणि ट्रेलर मात्र खांबाला घासतो. मित्राच्या ट्रेलरने माझं हे करून झालंय. आणि एक जपा, हमवीच्या रिम दोन तुकडे नटांनी जोडलेल्या असतात, हवा असताना ते नट सोडले तर रिमचे तुकडे उडून माणूस जाऊ शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण शून्य करा, मगच पान्हा लावा. खरं तर हे टायरवाल्याकडेच करून घ्या, आणि त्यालाही आधी सांगा.

दीड टनी एम१०५ए२ कधी कधी फार स्वस्तात निघतो म्हणून मोहात पडू नका, तो अडीच टनी ट्रकच्या मागे चालायचा, त्याच्या ब्रेकला ट्रककडून दाबाची हवा लागते, तुमच्या पिकअपमध्ये ती येणार कुठून.

ब्रेक फ्लुइडबाबत मी शेण खाल्लं ते सांगतो. अमेरिकन आर्मीने १९८०च्या दशकात सिलिकॉन फ्लुइड वापरायला सुरुवात केली, म्हणजे डॉट ५, जांभळट रंगाचं. मी टाकी अर्धी दिसली म्हणून घरात पडलेलं डॉट ३ ओतलं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि सिलिकॉन पाणी पीत नाही तर डॉट ३ पितं, शेवटी सगळी लाइन रिकामी करून, धुऊन, चाकांवरचे सिलिंडर बदलून नव्याने भरावं लागलं. जुनं बघा, जांभळं असेल तर डॉट ५च घाला, आणि दुकानात डॉट ५.१ हातात देतील तर घेऊ नका, नाव जवळचं असलं तरी ती वेगळीच जात आहे. रंग कळण्यापलीकडे गेला असेल तर सगळं काढून एकाच प्रकारचं भरा. रिव्हर्सचं पण लक्षात ठेवा, चढावर मागे घेताना गाडी ट्रेलरला ढकलते आणि सर्ज ब्रेकला वाटतं थांबायचंय, मग तो लागतो. तुमच्या ट्रेलरला त्यासाठी काय सोय आहे ती मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल टीएम ९-२३३० ने सुरू होणारं असतं, २३३० हा ट्रेलरच्या वर्गाचा नंबर, ते नेटवर फुकट मिळतं आणि बाजारातल्या कुठल्याही मॅन्युअलपेक्षा चांगलं लिहिलेलं असतं, अठरा वर्षांच्या नवख्या पोराला कळावं म्हणून लिहिलेलं.

वायरिंग २४ व्होल्टचं, प्लग १२ पिनांचा गोल, तुमची गाडी १२ व्होल्टची. जुन्या बल्बचं असेल तर १२ व्होल्टवर काजव्यासारखं लुकलुकतं, बल्ब बदलले की काम झालं. एलईडीवाले दिवे असतील तर १२वर चालतात का ते बॅटरी लावून बघा, नाहीतर अख्खा दिवा बदला. वायरी सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात म्हणून घाबरू नका, प्रत्येकीवर छोटी पत्र्याची पट्टी असते, २१ म्हणजे मागचा दिवा, २२-४६० डावा ब्रेक-इंडिकेटर, २२-४६१ उजवा, ९० अर्थ. पट्टी उंदराने किंवा गंजाने खाल्ली असेल तर मात्र टेस्टर घेऊन बसा, किंवा माझ्यासारखं वैतागून सगळं नव्याने ओढा, एका शनिवारचं काम आहे.

टायरची नक्षी बघून फसू नका. कधी तरीच फिरलेल्या ट्रेलरचे टायर नवेच दिसतात, बाजूला चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ०८११ म्हणजे २०११चा आठवा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो २०००च्या आधीचा, त्याच्यावर हायवेला जाऊ नका, झाडाला झोका बांधा. कमानपाटे कडक असतात, रिकामा ट्रेलर बेडकासारखा उड्या मारतो, त्यामुळे मी रिकामा असताना हवा थोडी कमी ठेवतो आणि भरल्यावर परत भरतो. ताशी ५५ मैलांच्या वर मी नेत नाही, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

रंगाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. त्यावरचा हिरवा किंवा वाळूचा मॅट रंग साधा नाही, रासायनिक हल्ल्यात टिकावा म्हणून केलेला असतो, सीएआरसी म्हणतात, आणि त्याच्या थरात क्रोमियम असू शकतं. कोरडा घासून धूळ उडवू नका, त्यावर थेट वेल्डिंगही करू नका, धूर छातीत जातो. नाइलाज असेल तर पाणी मारत घासा, नुसता कापडी मास्क नाही तर फिल्टरवाला लावा, पोरांना लांब ठेवा. मी तर तसाच ठेवलाय, शोभतो.

कागदांचं. लिलावात पैसे भरले आणि ट्रेलर ओढून आणला म्हणजे मालकी झाली असं नाही, सरकारी एसएफ-९७ फॉर्म मागाहून येतो आणि तो दाखवून राज्याच्या ऑफिसातून टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढायचं. काही लॉट नुसत्या बिलावर विकतात, तेव्हा बोली लावायच्या आधी लॉटच्या वर्णनात हे वाचा. एखाद्या माणसाकडून घेत असाल तर टायटल त्याच्या नावावर आहे का ते विचारा, "कागद येतायत" म्हणाला तर कागद आल्यावर पैसे. आणि हौद्यावरची ॲल्युमिनियमची पाटी रंगवू नका, काढू तर अजिबात नका, सिरियल नंबर तिच्यावरच असतो, नेहमीसारखा १७ आकडी नंबर नसल्यामुळे काउंटरवरची बाई त्याचाच फोटो मागते.

तर हाफ-टन पिकअपला माझं मत एम१०१ए२. पण बोली लावायच्या आधी टेप घेऊन जा आणि पुढची कडी, लुनेट म्हणतात ती, जमिनीपासून किती उंच आहे ते ट्रेलर सपाट उभा करून मोजा. ती तुमच्या हिचपेक्षा (पिकअपमागची जोडणी) बरीच वर असते, तसाच जोडला तर दांडी खाली झुकते आणि मागचा फाळका वर, ब्रेक लावला की सगळं सरपण पुढे येतं. उंची जुळवायला वर उचलणारा माउंट आणि त्यावर पिंटल हुक, म्हणजे कडी अडकवायचा मोठा हुक, लागतो, किंवा बॉल आणि हुक एकत्र असलेलं. कडी हुकात जरा ढिलीच बसते म्हणून खडखडते, त्याला काही करायचं नाही, सेफ्टी चेन दोन्ही लावा आणि एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या कडीवर येईल असं भरा. मोजलेली उंची आणि तुमच्या हिचची उंची इथे टाका, माउंट किती इंचाचा लागेल ते सांगतो.