ग्रुपची ट्यूब

तुमचा प्रश्न असा: "१५० सीसीच्या गाडीवरून एकटा मनाली-लेह करतोय. वाटेत गाडी बिघडली तर अनोळखी रायडर खरंच थांबतात का, की 'ब्रदरहुड' हे नुसतं टी-शर्टवर लिहायला असतं? आणि निघण्याआधी ओळखी व्हाव्यात म्हणून गोव्याच्या एखाद्या रायडर मीटला जाऊन यावं का?"

थांबतात. सगळे नाही. आणि जे थांबतात त्यांच्या अंगात बहुतेक वेळा तो टी-शर्ट नसतो.

खरं तर एवढ्यावर उत्तर संपतं. पण 'ब्रदरहुड' हा शब्द दिसला की मला साडेतीनशे रुपये आठवतात, त्यामुळे आता बसा.

२०१६चा जुलै. आम्ही सांगलीचे पाच बुलेटवाले आणि दोन पिलियन, म्हणजे मागे बसणारे, असे सात जण. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसला गाड्या पार्सल केल्या (टाकीतला थेंबन् थेंब काढल्याशिवाय रेल्वेवाले गाडी हातात घेत नाहीत), दिल्लीत उतरवल्या आणि मनालीमार्गे वर चढलो. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग चढूनच जावं लागायचं. मी टेल. म्हणजे सगळ्यात मागे चालणारा. टेल हा अनुभवी माणूस असावा लागतो असं म्हणतात. आमच्याकडे मी सगळ्यात हळू चालवतो म्हणून मला टेल केलं होतं. हत्यारांची पिशवी, पंक्चरचं किट, फूटपंप आणि ट्यूब हे सगळं टेलच्या गाडीवर असतं, कारण पुढच्या कुणाची गाडी बंद पडली तरी टेल मागून तिथं पोचतोच.

ट्यूब पुढच्या चाकाच्या मापाची, १९ इंची घेतली होती. अडीनडीला ती मागच्या १८ इंचीतही बसते. दोन घेतल्या होत्या. एक रोहतांगच्या चिखलातच खर्ची पडली, राहिली एक.

सरचूला तंबूत रात्र काढली. चौदा हजार फुटांवर झोप म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. सकाळी सातला निघालो, त्याच दिवशी लेह गाठायचं होतं. तासाभरात गाटा लूप्स लागले. एकवीस वळणं आहेत, पण मी मोजणं मध्येच सोडून दिलं. तिथं एका वळणावर बाटल्यांचा ढीग असतो. गोष्ट अशी सांगतात की फार वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर एक ट्रक तिथं बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला गेला, आजारी क्लीनर मागे राहिला, बर्फ पडलं, आणि ड्रायव्हर परत येईपर्यंत क्लीनर गेला होता. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो म्हणे. लोक थांबतात, बिसलेरीची बाटली ठेवतात, हात जोडतात, फोटो काढतात. आमच्या लोकांनीही ठेवली.

त्या ढिगापासून दोन-तीन वळणं वर एक पोरगा स्प्लेंडरशेजारी बसला होता. जिवंत.

मागचं चाक बसलेलं. केएल म्हणजे केरळ पासिंगची गाडी, वय असेल बावीस-तेवीस. आमच्या पुढच्या चार गाड्या त्याच्यासमोरूनच गेल्या. लीडनं, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्यानं, चालत्या गाडीवरून अंगठा वर केला, म्हणजे 'सगळं ठीक ना?' पोरानं संकोचानं अंगठा वर केला. मागच्या तिघांनीही तेच केलं. त्या रस्त्यावर ही रीतच आहे, समोरून येणारा प्रत्येक जण अंगठा दाखवतो आणि तुम्ही दाखवायचा. फार छान वाटतं पहिले दोन दिवस. पण मराठीत अंगठा दाखवणं कशाला म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच.

मी थांबलो. यात माझा मोठेपणा काही नाही, मला दम लागला होता आणि थांबायला निमित्त हवंच होतं. हिंदी त्याला माझ्याइतकीच येत होती, म्हणजे दोघांनाही बेताची. हवा कमी असताना तसाच चालवत आल्यामुळे टायर रिमवर सरकला होता आणि व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुळासकट फाटून आला होता. त्याला पॅच लागत नाही. पॅचचं किट होतं बिचाऱ्याकडे, आणि तो अर्धा तास त्यावरच झटत बसला होता.

मग चाक काढलं, टायर काढायच्या दोन लिव्हर आणि बुटाची टाच लावून टायर सोडवला आणि आमची ट्यूब आत घातली. ती एक इंचानं मोठी, त्यात बुलेटची म्हणून जाडही. एका ठिकाणी दुमड पडत होती, ती हातानं सारखी करत करत बसवली. पंधरा हजार फुटांवर फूटपंप मारणं हा वेगळाच व्यायाम आहे. वीस वेळा पाय मारायचा, बसायचं, पुन्हा वीस. कार्यक्रम पावणेदोन तास चालला. त्या वेळात एक मिलिटरीचा ट्रक थांबला, ड्रायव्हरनं उतरून आमच्याकडून पाना घेतला आणि मागचा नट एका झटक्यात आवळून दिला. झारखंडहून आलेले रस्त्याचे मजूर जवळ काम करत होते, त्यातल्या एकानं न सांगता गाडी तिरकी धरली. तीन-चार बुलेटचे घोळके मात्र अंगठा दाखवून गेले.

मग पांगपर्यंत दोघं बरोबर. स्प्लेंडर त्या उंचीवर पहिल्या-दुसऱ्यातच चढते, कार्बुरेटरला हवा पुरत नाही. नकी ला आणि लाचुलुंग ला अशा दोन खिंडी त्याच्या मागून रांगत गेलो. पांगच्या तंबूत आमची मंडळी दोन तासांपासून बसली होती. मी हेल्मेट काढायच्या आत लीड बोलला, "तू आमचा टेल हाईस का जगाचा?"

मी म्हटलं, पोराची ट्यूब फाटली होती. तो म्हणाला, "मग? दिलीस व्हय आपली? एकच हुती की रं. आता म्होरं कुणाचं चाक बसलं तर काय तुझी ट्यूब काढून घालायची?"

भांडण सांगलीच्या भाषेत, मोठ्या आवाजात आणि सगळ्यांसमोर झालं. पोरगा कोपऱ्यात मॅगी खात होता. त्याला शब्द कळले नसतील, पण कुणावरून चाललंय ते कळलं. मी वळून पाहिलं तेव्हा प्लेटमध्ये अर्धी मॅगी तशीच आणि बाहेर स्प्लेंडर नाही. माझ्या सीटवर सामान बांधायच्या बंजी कॉर्डखाली केळ्याच्या वेफर्सचं पाकीट खोचलेलं, उंचीमुळे फुगून टम्म झालेलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. ते पाकीट आम्ही लेहला फोडलं. निम्मे वेफर्स लीडनं खाल्ले.

पुढे कुणाचंही चाक बसलं नाही. सांगलीला आल्यावर हिशोबाचा कागद फिरला: टेम्पो, रेल्वे पार्सल, तंबू, आणि माझ्या एकट्याच्या नावासमोर 'ट्यूब (१) – ३५०'. मी दिले. कागद अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

आता तुमच्या मीटकडे येतो, कारण गोष्ट तिथंच संपते.

२०१८ला आम्ही सगळे गोव्याला वागातोरला गेलो. गोव्याचा हा बुलेटवाल्यांचा मेळावा बुलेट बनवणारी कंपनीच भरवते, तेव्हा त्याला रायडर मेनिया म्हणायचे. २०२३ पासून त्याचं नाव मोटोव्हर्स. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचा इंडिया बाइक वीक २०१३ पासून आहे. तिकीट, स्टेज, बँड, जॅकेटचे स्टॉल, सगळं असतं. मजा येते, नाही म्हणत नाही. स्लो रेस तर बघाच, गाडी हळू चालवणं किती अवघड आहे ते कळतं (मी तिसरा आलो होतो). तर तिथं संध्याकाळी नागपूरचे आणि बंगळुरूचे काही जण आमच्यात येऊन बसले. गप्पा लेहवर गेल्या, आणि आमचा लीड सांगायला लागला: "गाटा लूप्सवर एक पोरगं अडकलं होतं, आम्ही आमची शेवटची ट्यूब काढून दिली त्याला."

आम्ही!

सगळे वाहवा म्हणाले. एकानं त्याच्यासाठी बिअर मागवली. मी तिथंच म्हटलं, "माझे साडेतीनशे परत दे." लोकांना तो विनोद वाटला.

मी त्याला नंतर एवढंच विचारलं, आणि आजही विचारतो: ट्यूब माझी असेल तर मदत मी केली, तुझी बिअर मला दे. मदत ग्रुपनं केली असेल तर ट्यूब ग्रुपची, पैसे परत कर. दोन्ही तुझ्याकडे कसं? त्यावर तो "जाऊ दे की लेका" म्हणतो. गेली कित्येक वर्षं जाऊ देतोय.

तर मीटला ओळखी होतात का? होतात, पण त्या मीटच्या ओळखी असतात. स्टेजसमोर जो खांद्यावर हात टाकतो तो लाचुलुंगला तुमच्यासाठी उतरेलच असं नाही. जायचंच असेल तर सकाळी लवकर पार्किंगमध्ये फिरा. धुवून पुसून आणलेल्या गाड्या सोडा. जिच्या बॅगा चिखलानं मातकट झाल्यात आणि पासिंग लांबचं आहे, तिच्याशेजारी उभे राहा. मालक आला की सामान कसं बांधलंय ते विचारा. असा माणूस दोन तास सुटत नाही, आणि वर्षभरानं फोन केलात तरी उचलतो. जर्मनीत १९५६ पासून एक मेळावा भरतो, हत्तींचा मेळावा म्हणतात त्याला, कारण त्या वेळच्या एका अवजड जर्मन गाडीचं टोपणनाव 'हिरवा हत्ती' होतं. भर हिवाळ्यात बर्फात तंबू ठोकायचे आणि शेकोटीपाशी बसायचं. आपल्याकडेही असं काही हवं. ज्याला गारठून मरायची तयारी आहे तोच येईल, बाकीची गर्दी आपोआप गळेल. पण आपल्याला डीजे लागतो, त्याला काय करणार?

आमच्या भागातल्या रविवारच्या मिसळ राइड्सनाही लोक हसतात. पन्नास किलोमीटर जायचं, मिसळ खायची, परत. पण एकमेकांची गाडी रस्त्यात उघडून बसायची सवय तिथंच लागते. माझं मत विचाराल तर गोव्यापेक्षा तिथं जा.

आता एक गोष्ट राहिली. लीडला हे उत्तर कुणीतरी दाखवणारच, म्हणून सांगून टाकतो. त्या दिवशी त्याच्या मागे बसलेल्या पोराला सरचूपासून डोकेदुखी आणि उलट्या होत होत्या. त्याला लवकरात लवकर तांगलांग ला ओलांडून लेहच्या उंचीला उतरवायचं होतं. पांगला आर्मीच्या कॅम्पात त्याला ऑक्सिजन द्यावा लागला, आणि मी येईपर्यंतचे दोन तास तो तिथं पडून होता. टेल आल्याशिवाय कुणी हलायचं नाही हा आमचाच नियम, म्हणून लीड थांबला. नाहीतर जीपमध्ये घालून तो केव्हाच पुढे गेला असता. लेहला पोचायला आम्हाला रात्रीचे साडेआठ वाजले. पोरगा बरा झाला. मला हे सगळं पांगला पोचल्यावर कळलं, पण कळल्यावरही मी भांडत राहिलो होतो, हेही खरं. तरी साडेतीनशेचा विषय वेगळा आहे.

बाकी तुमच्यासाठी: १५० सीसी पुरते, गाडीची चिंता करू नका. मदत हवी असेल तर अंगठा दाखवू नका. संकोच घरी ठेवा, रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हात हलवा, हत्यारं बाहेर मांडून ठेवा. आणि तुम्ही कुणाला विचारणार असाल तर इंजिन बंद करून विचारा. चालत्या गाडीवरून विचारलेल्याला कुणी खरं उत्तर देत नाही. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या, तरी मधल्या टप्प्यात रेंज धरून चालू नका. टायर ट्यूबचा असेल तर हवा रोज सकाळी बघा, त्या पोराचं तेवढंच चुकलं होतं. एकदा घरी मागचं चाक स्वतः काढून, ट्यूब बदलून बघा. हे यूट्यूब बघून येत नाही, बोटं सोलली की येतं.

आणि ट्यूब दोन घ्या. तुम्ही एकटेच आहात, त्यामुळे कुणाला दिलीत तर कुणाच्या नावावर लिहायची हा प्रश्न तुम्हाला येणार नाही.