बसच्या लेव्हलिंग व्हॉल्व्हमधून हवा गळत असेल, तर किट टाकून तो दुरुस्त होतो का?

आपली बस रात्रभर उभी राहिली की मागची डावी बाजू खाली बसते, गॅरेजमध्ये नवा लेव्हलिंग व्हॉल्व्ह (बेलोत हवा भरून किंवा सोडून बसची उंची सारखी ठेवणारा व्हॉल्व्ह) घ्यायला सांगितले आहे, आणि जुनाच खोलून त्यात किट (आतल्या रबरी भागांचा संच) टाकता येईल का, असे आपण विचारले आहे. टाकता येते. प्रवासी बसगाड्यांची देखभाल हेच माझे काम असून असे बरेच व्हॉल्व्ह मी किट टाकून पुन्हा चालवले आहेत. मात्र गळती नेमकी कोठे आहे हे आधी ठरवा, आणि चासी मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवल्याशिवाय गाडीखाली मुळीच जाऊ नका. बेलोतील, म्हणजे बस तोलून धरणाऱ्या हवेच्या रबरी पिशवीतील, हवा गेली की बस एका क्षणात खाली येते. नुसत्या जॅकच्या भरवशावर हे काम करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हवेच्या टाकीत पूर्ण दाब भरून बेलो, नळीचे सांधे आणि व्हॉल्व्ह यांना ब्रशने साबणाचे पाणी लावा. बेलोच्या घडीत बारीक फेस धरत असेल, तर दोष बेलोचा आहे. बुडबुडे व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टपाशी (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडापाशी) येत असतील, तर व्हॉल्व्हच्या दांडीला ॲक्सलशी जोडणारी लिंक सोडवून ती दांडी हाताने हवा भरण्याच्या दिशेला ढकला. त्या वेळी आतला पोकळ प्लंजर (दट्ट्या) रबरी सीटवर (बैठकीवर) दाबून बसतो आणि एक्झॉस्टची वाट बंद होते. तरीही बुडबुडे थांबत नसतील, तर प्लंजरची कड, ती सीट किंवा प्लंजरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) खराब आहे. दांडी उलट दिशेला ढकलून बेलो पूर्ण रिकामा केल्यावरही हवा येतच राहिली, तर इनलेटची (टाकीकडून हवा येते त्या तोंडाची) सीट धरत नाही. बाहेर कोठेच बुडबुडे नसतील आणि तरी गाडी बसत असेल, तर इनलेटमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) पाहा. टाकीतला दाब उतरला की बेलोतली हवा तेथूनच मागे परतते.

व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी टाकी आणि बेलो रिकामे करा, दांडीच्या स्थितीची खूण करा आणि सुट्या भागांचा क्रम फोटोत टिपून ठेवा. आत बहुधा करड्या रंगाचा, लोण्यासारखा चिकट थर सापडतो. कॉम्प्रेसरमधून आलेले तेल आणि पाणी मिळून तो तयार होतो. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावेत. रबराला पेट्रोल लावू नये, ते फुगते. प्लंजरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकले, तर तो व्हॉल्व्ह किटने सुधारणार नाही, नवाच घ्यावा. कड गुळगुळीत असेल, तर किटमधील सर्व रबरे बदला आणि ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

तो चिकट थर सापडला असेल, तर एअर ड्रायरचे (हवेतला ओलावा काढणाऱ्या उपकरणाचे) कार्ट्रिजही त्याच दिवशी बदलावे आणि टाकीतले पाणी काढावे, नाहीतर नव्या किटचीही काही महिन्यांत तीच गत होते. जोडणी झाल्यावर उत्पादकाने दिलेल्या उंचीप्रमाणे लिंक बसवा. रात्री गाडी उभी करताना मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजा, म्हणजे गळती थांबली की नाही ते कळेल.